दडवलेली गंमत आणि वापरणाऱ्याचा भरवसा

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने हौसेने आत दडवून ठेवलेल्या गमतीला ‘ईस्टर एग’ म्हणतात. मेनूत तिचे नाव नसते, माहितीपुस्तिकेत उल्लेख नसतो. ठरावीक कळा दाबल्या, ठरावीक तारीख आली किंवा एखाद्या चिन्हावर पुन्हा पुन्हा बोट टेकवले, तरच ती समोर येते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तिचा नमुना पाहता येतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइडच्या आवृत्तीवर भराभर बोट टेकवत राहिले, की त्या आवृत्तीचे बोधचित्र किंवा एखादा छोटा खेळ उघडतो. २०१० च्या जिंजरब्रेड आवृत्तीपासून ही प्रथा चालत आली आहे. त्याच भागात बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवले, तर मात्र ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा तांत्रिक विभाग खुला होतो. पहिली निव्वळ गंमत, दुसरे कामाचे अवजार. उघडण्याची रीत जवळजवळ सारखी, आणि आत काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही.

भरवशाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. दुकानातून आणलेले धान्य निवडून पाहता येते, शिवलेला कपडा उलटा करून टाके तपासता येतात; सॉफ्टवेअरचा कोड सामान्य माणसाला वाचता येत नाही आणि बहुतेक वेळा दाखवलाही जात नाही. तो वापरणारा माणूस बनवणाऱ्याच्या शब्दावर विसंबून असतो. सांगितले तेवढेच हे सॉफ्टवेअर करते, हाच तो शब्द. न सांगितलेली एक गोष्ट आत सापडली, तर ती कितीही निरुपद्रवी असली तरी आणखी काय काय असेल, ही शंका येणारच. म्हणून दडवलेली गंमत ठेवावी की नाही याचा निर्णय ती किती गोड आहे यावर घेऊ नये. ती कोणापासून दडवली आहे, कशाला हात लावते आणि बंद करता येते का, यावर घ्यावा.

नाव लपवण्यापासून सुरुवात

या प्रथेच्या मुळाशी कारागिराची एक रास्त तक्रार होती. अटारी कंपनी आपल्या व्हिडिओ गेमवर लिहिणाऱ्याचे नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ लिहिला, तो १९८० मध्ये बाजारात आला. त्यातल्या भुलभुलैयात त्यांनी पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून जाणारा एक बारीक ठिपका ठेवला. तो शोधून, उचलून, योग्य भिंतीपाशी नेला की एक गुप्त खोली उघडे आणि तिच्यात त्यांचे नाव झळके. सारा खेळ चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावत होता. त्यातली थोडी जागा रॉबिनेट यांनी स्वतःच्या सहीसाठी खर्च केली आणि कंपनीत कोणालाही सांगितले नाही. ते नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाने खेळता खेळता ती खोली शोधली आणि कंपनीला पत्र लिहिले. तेव्हा अटारीतील स्टीव्ह राइट यांनी अशा गमती मुद्दाम ठेवाव्यात, असा विचार मांडला. त्यांनीच त्यांना ईस्टरच्या सणात मुलांसाठी लपवलेल्या अंड्यांचे नाव दिले. त्याआधीच्याही काही खेळांत लपवलेली नावे पुढे सापडली आहेत, पण प्रथेला नाव मिळाले ते इथे.

नव्वदीच्या दशकात ही हौस कचेरीतल्या सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचली. एक्सेल ९७ मध्ये कोऱ्या पानावर एफ-पाच दाबायचे, एक्स ९७ ते एल ९७ हा पट्टा लिहायचा, एंटर, मग टॅब, आणि कंट्रोल व शिफ्ट दाबून धरून आलेखाच्या चिन्हावर क्लिक करायचे. पडद्यावर जांभळट डोंगरांवरून उडणारे विमान येई, आणि एका कातळावर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची नावे सरकत. त्याच संचातील वर्डमध्ये पिनबॉल होता. आधीच्या एक्सेल ९५ मध्ये तर फिरता येईल अशी अंधारी दालने होती. हे शोधणे ज्यांनी त्या काळी केले त्यांना त्याचा आनंद आजही आठवतो, आणि तो आनंद खरा होता.

तरी एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये विमान उडवण्याचा कोड असावा, तो लाखो संगणकांवर जागा घेत पडून राहावा आणि खरेदी करणाऱ्या संस्थेला त्याची कल्पनाही नसावी, ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षितता आणि विश्वासार्हता यांना नव्या सुविधांपेक्षा वरचे स्थान दिले. कंपनीच्या मुख्य सॉफ्टवेअरमधून दडवलेल्या गमती हद्दपार झाल्या. तिथले ज्येष्ठ अभियंते लॅरी ऑस्टरमन यांनी २००५ मध्ये त्यामागचे कारण उघडपणे मांडले. मुद्दा भरवशाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या संगणकावर नेमके काय चालले आहे हे ग्राहकाला माहीत असले पाहिजे, आणि यादीत नसलेला कोड त्या हक्कावर घाला घालतो. हे म्हणणे कोरडे वाटेल, पण सरकारी कचेरी, बँक किंवा इस्पितळ चालवणाऱ्याच्या जागी बसून पाहिले की पटते. दुसरे कारण तांत्रिक आहे. तपासनीसाला जो भाग माहीतच नाही, तो भाग तपासला जात नाही.

जोशींचा वाढदिवस

भारतात या विषयाची सुरुवातीची ओळख सुखाची नव्हती. १९९० मध्ये ‘जोशी’ नावाचा विषाणू भारतात सापडला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत जगभर गेला. तो डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसे आणि स्मृतीत ठाण मांडून राही. वर्षभर त्याचा मागमूस लागत नसे. ५ जानेवारीला मात्र संगणक अडे आणि पडद्यावर जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करण्याचा हुकूम येई. तो संदेश अक्षरशः टाइप केला की यंत्र पुढे चालू होई.

हेतूने पाहिले तर ही थट्टाच. कोणाची माहिती चोरली गेली नाही, पैसे मागितले गेले नाहीत. पण जानेवारीच्या त्या सकाळी बिले काढायला बसलेल्या कारकुनाला समोरचा संदेश थट्टा आहे की सर्वनाशाची सूचना, हे ओळखायला काहीच साधन नव्हते. दुसऱ्याच्या यंत्रात, त्याला न विचारता, त्याच्या कामाच्या आड येणारी गंमत घालणे म्हणजे काय, याचा याहून स्वच्छ नमुना मिळणे कठीण. पुण्यात संगणकदुरुस्ती करणाऱ्या कैलास आणि संजय काटकर या भावांचा ‘क्विक हील’ अँटिव्हायरस उभा राहिला तो याच फ्लॉपी-विषाणूंच्या जमान्यात.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात घडला. ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीला असंख्य भारतीयांना आपल्या फोनच्या संपर्कयादीत आधार प्राधिकरणाचा जुना मदत क्रमांक दिसला. तो त्यांनी स्वतः कधी साठवला नव्हता. आधारची माहिती फुटल्याच्या चर्चा तेव्हा जोरात होत्या; सरकार फोनमध्ये शिरले, अशी भीती पसरली. प्राधिकरणाने हात वर केले, आपण कोणालाही असे सांगितले नाही, असे म्हटले. शेवटी गूगलने खुलासा केला की २०१४ मध्ये भारतासाठी फोनकंपन्यांना दिलेल्या अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या मांडणीत तो क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक चुकून घातला गेला होता, आणि जुन्या फोनमधून नव्या फोनमध्ये उतरत राहिला. कोणाच्याही यंत्रात घुसखोरी झाली नव्हती. तरीही चार वर्षे न सांगता पडून राहिलेल्या एका क्रमांकाने देशभर जी धास्ती निर्माण केली, ती खुलाशाने पूर्णपणे गेली नाही. संपर्कयादी ही माणसाची स्वतःची वही आहे. तिच्यात परक्या हाताने लिहिलेली एक ओळसुद्धा खपत नाही.

शेंद्र्यापर्यंत पोहोचलेला लपवलेला कोड

लपवलेला कोड दरवेळी हौसेचाच असतो असे नाही.  छत्रपती संभाजीनगरहून पूर्वेला जालना रोडवर गेले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. तिथे स्कोडाचा कारखाना आहे. स्कोडाच्या मातृसंस्थेचे, फोक्सवॅगनचे, डिझेल प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. गाडीच्या नियंत्रक संगणकातील सॉफ्टवेअर स्टिअरिंगची हालचाल, वेग आणि वेळ यांवरून ओळखायचे की गाडी प्रयोगशाळेत तपासणीला उभी आहे. तेवढ्यापुरते ते धूर पूर्ण आवाक्यात ठेवी. रस्त्यावर आली की सैल सोडी.

भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने गाड्या तपासल्या आणि रस्त्यावरच्या व प्रयोगशाळेतल्या धुरात फरक आढळला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावत असल्याचे जाहीर केले. त्यात फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. ही दुरुस्ती ऐच्छिक आहे, भारतातील नियम मोडलेला नाही, अशी कंपनीची भूमिका होती. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

या प्रकरणाचा गमतीशी थेट संबंध नाही, पण भरवशाशी आहे. एक्सेलमधले विमान आणि डिझेलगाडीतला तो कोड यांची रचना एकच: ठरावीक परिस्थिती ओळखायची आणि मगच वेगळे वागायचे. हेतू जमीन-अस्मानाइतके वेगळे, पण तो फरक बाहेरून दिसत नाही. २०१५ नंतर कोणत्याही जाणत्या ग्राहकाला ‘अमुक तारखेला, अमुक कळ दाबल्यावर वेगळे वागणारा कोड’ हे शब्द ऐकून गंमत आठवेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

बनवणाऱ्यांसाठी

छोट्या शहरांत आता दोन-चार जणांचे गट पतसंस्था, शाळा, दूध संकलन केंद्र, गृहसंस्था यांच्यासाठी ॲप लिहितात. आपल्या कामावर आपली सही असावी ही त्यांची इच्छा रॉबिनेट यांच्याइतकीच रास्त आहे आणि ती दडपण्याचे कारण नाही. ती कुठे आणि कशी करावी, एवढेच पाहायचे.

समजा, छत्रपती संभाजीनगरजवळच्या पडेगावातल्या एका पतसंस्थेसाठी पिग्मीचे, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचे, ॲप लिहिले जात आहे. एजंट संध्याकाळी दुकानोदुकानी जातो, खातेक्रमांक टाकतो, रक्कम टाकतो, कमरेच्या छोट्या यंत्रातून पावती फाडून देतो. ठेवीदार चहावाला असतो, पंक्चरवाला असतो. त्याच्या हातात संस्थेचा पुरावा म्हणून तेवढी दोन बोटांची पावतीच असते. त्या पावतीवर, शिलकीच्या पडद्यावर, लॉगिनवर, बँकेच्या संदेशात किंवा हिशेब संस्थेकडे पाठवण्याच्या टप्प्यावर एका अक्षराचीही गंमत नको. पावतीच्या तळाशी ‘आज खूश दिसता!’ असे छापून आले तर चहावाल्याला कौतुक वाटणार नाही. रक्कम तरी बरोबर आहे का, हे तो दुसऱ्यांदा वाचेल. निर्मात्यांची नावे, पणतीचे चित्र, छोटे कोडे, जे काही हौसेचे असेल ते ‘ॲपविषयी’ या पडद्यावर ठेवावे. तिथे कोणी कामासाठी जात नाही, त्यामुळे कोणाचे काम अडत नाही.

ही गंमत संस्थेपासून लपलेली असता कामा नये. काम सोपवताना दिल्या जाणाऱ्या कागदात एक परिच्छेद पुरतो: ‘ॲपविषयी या पडद्यावर आवृत्ती क्रमांकावर सलग सात वेळा बोट टेकवल्यास निर्मात्यांची नावे व एक चित्र दिसते. या भागाला इंटरनेट, संपर्कयादी, कॅमेरा किंवा ठिकाण यांपैकी कशाचीही परवानगी लागत नाही. तो कोणतीही नोंद वाचत किंवा बदलत नाही. संस्थेने कळवल्यास तो काढून दिला जाईल.’ ठेवीदाराला ती गंमत अचानक सापडली तरी संस्थेच्या व्यवस्थापकाला ती आधीच ठाऊक असते, आणि कोणी विचारले तर तो शांतपणे उत्तर देऊ शकतो. शोधण्याचा आनंद यामुळे कमी होत नाही. डेबियन लिनक्समधील ‘ॲप्ट’ या आज्ञेच्या मदतपानावर गाईच्या महाशक्तीचा उल्लेख उघड लिहिलेला आहे, तरी ती गाय शोधणारे अजून हसतात.

तपासणी हा वेगळा विषय आहे आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. लिनक्समधील ‘मॅन’ ही माहितीपाने दाखवणारी आज्ञा. तिच्यात २०११ मध्ये एक छोटी थट्टा घातली गेली: रात्री साडेबारा वाजता आज्ञा चालवली तर एका प्रसिद्ध गाण्याचे तीन शब्द छापून यायचे. सहा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. २०१७ मध्ये कोणाची तरी आपोआप चालणारी चाचणी दर रात्री ठीक त्याच वेळी फसू लागली आणि शोध घेता घेता ही ओळ सापडली. लेखकाने ती काढून टाकली. आपली गंमत माणूस वाचेल असे लिहिणारा धरून चालतो. तिचा वाचक दुसरे एखादे यंत्रही असू शकते, आणि यंत्राला थट्टा कळत नाही. तारखेवर किंवा वेळेवर चालणारी कोणतीही गोष्ट घातलीच, तर फोनचे घड्याळ पुढे-मागे करून ती तपासावी, आणि ३१ मार्चसारख्या हिशेबाच्या दिवसांपासून दूर ठेवावी.

सणांच्या सजावटीत अधिक काळजी हवी. २५ डिसेंबर २०१८ रोजी ‘अँट डिझाइन’ या चिनी साधनसंचावर बांधलेल्या असंख्य संकेतस्थळांवरील बटणांवर आपोआप बर्फ साचला आणि त्यांवर माउस नेला की नाताळबाबाचे हसू उमटू लागले. कोड आधीच घातलेला होता, फक्त त्या तारखेची वाट पाहत होता. ज्यांनी तो संच वापरला त्या अभियंत्यांनाही कल्पना नव्हती. कंपन्यांच्या आणि सरकारी कामाच्या पडद्यांवर हे घडल्यावर जाब त्यांनाच द्यावा लागला. संच बनवणाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. पुढच्या वर्षी ‘व्हीएस कोड’च्या चाचणी आवृत्तीत दातेरी चक्राच्या चिन्हावर नाताळबाबाची टोपी चढवली गेली, तिला धार्मिक कारणाने आक्षेप आला आणि मायक्रोसॉफ्टने टोपी काढून हिमकण ठेवला. आपल्याकडे पतसंस्थेच्या सभासदांत सर्व धर्मांची माणसे असतात. एका सणाचा दिवा लावला तर दुसऱ्या सणाचे काय, हे संस्थेने ठरवायचे असते. ॲप लिहिणाऱ्याने परस्पर ठरवू नये.

बंद करण्याची सोय असलेली गंमत टिकते. व्हीएलसी हे चित्रफिती दाखवणारे सॉफ्टवेअर डिसेंबरच्या शेवटी आपल्या नारिंगी शंकूवर लाल टोपी घालते, आणि बोधचिन्ह बदलू नये असे त्याच्या सेटिंग्जमध्ये सांगता येते. क्रोमवर इंटरनेट गेले की दिसणारा डायनासोरचा खेळ २०१४ पासून आहे. शाळा आणि कंपन्यांच्या प्रशासकांना तो बंद करण्याची अधिकृत सोय गूगलने दिली आहे. अँड्रॉइडमध्येही कंपनीने दिलेल्या फोनवर आवृत्तीची गंमत बंद ठेवण्याचा पर्याय प्रशासकाला असतो. याउलट १ एप्रिल २०१६ रोजी जीमेलने ‘पाठवा’ बटणाला लागूनच एक थट्टेचे बटण ठेवले. ते दाबले की पत्रासोबत एक हलते चित्र जाई आणि त्या पत्राला आलेली उत्तरे लपत. घाईत चुकीचे बटण दाबलेल्या लोकांची कामाची पत्रे थट्टेसह गेली. गूगलने ते त्याच दिवशी मागे घेऊन माफी मागितली.

गमतीत न मोडणारे, पण लपवलेले दोन प्रकार छोट्या व्यावसायिकांत सर्रास दिसतात आणि ते थांबायला हवेत. पहिला म्हणजे ‘सपोर्टला सोपे पडते’ म्हणून आत ठेवलेला एकच मास्टर पासवर्ड. तो एका नोकरी सोडून गेलेल्या मुलाला माहीत असतो, आणि पुढे कोणाकोणाला याची गणती राहत नाही. दुसरा म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे आले नाहीत तर ठरावीक तारखेला सॉफ्टवेअर आपोआप अडेल, अशी न सांगितलेली तजवीज. अमेरिकेत सीमेन्स कंपनीसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदाराने आपल्या तक्त्यांमध्ये असे सुप्त बाँब पेरून ठेवले होते. ते अडले की दुरुस्तीला त्यालाच बोलावले जाई. त्याने २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला. मुदत संपल्यावर परवाना थांबतो, हे करारात मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, मुदतीआधी सूचना येत असेल आणि संस्थेला आपली माहिती बाहेर काढून घेता येत असेल, तर ती रास्त अट आहे. यातले काही नसेल तर तो सापळा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात बिघाड घडवणारा कोड घालणारा भरपाईला जबाबदार ठरतो. तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

चाचणीच्या वेळी गमतीची नावे आणि खोटे संदेश घालण्याची सवयही मोडावी. चाचणीचा संदेश खऱ्या ठेवीदाराच्या फोनवर जायला एक विसरलेली ओळ पुरते.

वापरणाऱ्यांसाठी

अनोळखी काही दिसले तर आधी पाहावे की ते कशाला हात लावते. नाव, चित्र किंवा खेळ दाखवून थांबणारी गोष्ट बहुधा गंमत असते. संपर्कयादी, संदेश, ठिकाण, कॅमेरा यांची परवानगी मागणारी, पैशाचा किंवा पिनचा उल्लेख करणारी, किंवा दुसरे ॲप उतरवून घ्यायला सांगणारी गोष्ट गंमत असूच शकत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपला कोणत्या परवानग्या दिल्या आहेत ते दिसते; महिन्यातून एकदा ती यादी चाळून अनावश्यक परवानग्या काढून घ्याव्यात. अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट टेकवून खेळ पाहायला हरकत नाही. डेव्हलपर ऑप्शन्स मात्र चुकून खुले झाले असतील तर बंद करावेत. विशेषतः त्यातील यूएसबी डिबगिंग चालू ठेवून फोन कोणाच्याही हाती देऊ नये.

‘गुप्त सुविधा’ या दोन शब्दांवर फसवणारे जगतात. २०२१ मध्ये ‘गुलाबी व्हॉट्सॲप’ मिळवा, असा दुवा फिरला. तो दाबणाऱ्यांच्या फोनमध्ये घातक ॲप शिरले आणि तोच दुवा त्यांच्या ओळखीच्यांना आपोआप जाऊ लागला. २०२३ मध्ये तो पुन्हा पसरला तेव्हा मुंबई पोलिसांनी सावधगिरीची सूचना काढली. व्हॉट्सॲपला नवा रंग किंवा नवी सोय आली तर ती प्ले स्टोअरच्या अद्ययावत आवृत्तीतून येते, दुव्यातून नाही. पैसे पाठवण्याच्या ॲपमधली स्क्रॅच कार्डे ही खरी आणि उघड गंमत; तिचीच नक्कल करून बनवलेली कार्डे संदेशातून येतात आणि बक्षीस ‘स्वीकारण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला लावतात. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

फोनच्या डायलवरून चालणारे छोटे कोड हाही असाच भाग. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो लिहून ठेवणे उपयोगाचे असते, कारण चोरीची तक्रार देताना तो मागितला जातो. पण ‘कुरिअर अडकले आहे, स्टार चारशे एक स्टार आणि हा क्रमांक दाबा’ असे कोणी फोनवर सांगितले, तर तो कोड आपले कॉल दुसऱ्याकडे वळवण्याचा असतो. बँकेचा फोनवरून येणारा ओटीपी त्याच्याकडे जातो. या फसवणुकीमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडवरून कॉल वळवण्याची सोय बंद करायला लावली. दुसऱ्याने सांगितलेला कोड, तो कितीही गमतीचा म्हणून सांगितलेला असो, आधी कंपनीच्या अधिकृत मदतकेंद्रावर विचारल्याशिवाय दाबू नये.

संस्थेसाठी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने करारातच तीन गोष्टी मागून घ्याव्यात: दडवलेल्या सर्व भागांची लेखी यादी, मास्टर पासवर्ड नसल्याची हमी, आणि करार संपल्यावर सारी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळण्याची तरतूद. विक्रेता यादी ‘निरंक’ म्हणून देत असेल तर तेही लिहून आणि सही करून घ्यावे.

तक्रार कुठे करायची

निरुपद्रवी पण न सांगितलेली गोष्ट सापडली तर पडद्याचे चित्र काढून, तारीख आणि आवृत्ती क्रमांक लिहून आधी बनवणाऱ्यालाच कळवावे. बहुतेक प्रामाणिक बनवणारे खुलासा करतात. ॲपने गुपचूप सशुल्क सेवा जोडली, खोटी घाई दाखवून खरेदी करायला लावली किंवा वर्गणी बंद करण्याची वाट लपवली, तर ते ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या रचनांविषयीच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचे उल्लंघन ठरू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा प्रकारांची नोंद त्यात केली आहे. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने संपर्कयादी किंवा फोनमधील छायाचित्रे मागितली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी त्याला तशी मुभा नाही, हे सांगून परवानगी नाकारावी.

वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानुसार संमती ही मोकळेपणी दिलेली, विशिष्ट आणि माहिती देऊन घेतलेली असावी लागते. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती हवी. खेळकर ॲप मुलांच्या हाती सर्वांत आधी जाते, म्हणून शाळांनी ही अट विक्रेत्याला आधीच दाखवावी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

पैसे गेले असतील तर वेळ दवडू नये. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता अधिक असते. संशयास्पद ॲप काढून टाकण्यापूर्वी त्याचे नाव, त्याने मागितलेल्या परवानग्या आणि आलेले संदेश यांची चित्रे जपून ठेवावीत; ॲप आधी काढले तर पुरावाही त्याच्यासोबत जातो.